पोकलेनवालीचे दोन लिव्हर

"मनपट्टी न लावता स्पर्धेत उतरणार? हसं होईल आपलं," टीमचा कॅप्टन ओजस वैतागला.

आता सगळ्या कॉलेजांचे रोबो मनपट्टीवर चालत. ती कपाळाला बांधली, की मनात येईल तसा रोबो वळे. हातांना कामच उरलं नव्हतं. आसमाने मात्र टेबलावर दोन लोखंडी लिव्हर बसवले होते. डावा डाव्या चाकांचा, उजवा उजव्यांचा. अब्बांच्या मांडीवर बसून ती पोकलेन चालवायला शिकली, ती अशाच दोन लिव्हरवर.

"ड्रायव्हर मी आहे ना? मग लिव्हरच राहणार," ती म्हणाली.

फायनलला दोन्ही टीमचे गुण सारखे झाले. शेवटचा पाइप चढावाच्या टोकावर जो रोबो आधी ठेवेल, तो जिंकणार. चढताना आसमाच्या रोबोची डावी चाकं कडेवरून घसरली. प्रेक्षक ओरडले. समोरच्या ड्रायव्हरने दचकून घड्याळाकडे पाहिलं, तसा त्याचा रोबोही घड्याळाकडे वळला. ड्रायव्हर घाबरला, आणि रोबो जागच्या जागी थरथरत राहिला.

आसमाने डावा लिव्हर मागे ओढला, उजवा पुढे रेटला. अब्बा चिखलातून मशीन काढतात, अगदी तस्संच. रोबो गर्रकन फिरून वर चढला आणि पाइप टोकावर बसला. भोंगा वाजला. सगळं सभागृह उभं राहिलं.

ओजसने तिला उचलूनच घेतलं. "तुला भीती कशी नाही वाटली गं?"

"वाटली की! संपलं सगळं, असंच आलं मनात," आसमा हसत डोळे पुसत म्हणाली. "पण लिव्हरला ते कुठे कळतंय?"