दिवा हिरवाच होता

विमानाचं नाक वर चढत चाललं होतं आणि समोरचा दिवा हिरवा होता. डाव्या खुर्चीत बसलेली हिमानी दांडी ओढत होती. उजव्या खुर्चीत तिचे शिक्षक यशवंत सर होते. दिवा हिरवा आहे म्हणजे सगळं ठीक आहे, एवढंच त्यांच्या शिणलेल्या डोक्यात होतं. खालच्या केळीच्या बागा जवळ येत होत्या. धावपट्टी समोर दिसत होती.

सर आज शेवटचं उडत होते. बुऱ्हाणपूरबाहेरच्या या लहानशा वैमानिक शाळेत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. उन्हाळ्यात एकदा त्यांच्या हातून विमान धावपट्टीवर आपटलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण सरांचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला तो उडालाच. हात म्हातारे झाले, आता पुरे, असं त्यांनी बायकोला सांगून टाकलं. उद्यापासून घरी बसायचं ठरलं होतं. हिमानीला एकटीनं उडायची परवानगी द्यायची की नाही, एवढं एकच ओझं उतरायचं बाकी होतं. ती आधी दोनदा नापास झाली होती. आज झाली असती तर शाळेनं तिला घरचा रस्ता दाखवला असता.

हा दिवा याच वर्षी बसवलेला. पंखाखाली एका कांबीवर बोटाएवढं पातं असतं. वारा येईल तसं ते खालीवर फिरतं आणि पंख वाऱ्याला किती तिरपा धरलाय ते सांगतं. तिरपेपणा बेताचा असला की हिरवा दिवा, वाढला की पिवळा, फारच वाढला की लाल, आणि वर भोंगा. तिथं वारा पंखाची साथ सोडतो आणि विमान खाली यायला लागतं. मग नाक खाली दाबायचं असतं. जमीन खाली आ वासून बसलेली असताना आणखी खाली जायचं, हे माणसाच्या स्वभावातच नाही. माणूस घाबरला की वरच ओढतो. म्हणून हल्ली सर सगळ्यांना बजावत, हाताचं ऐकू नका, दिव्याचं ऐका. पूर्वी ते बरोबर याच्या उलट सांगायचे.

हिमानी दिव्याचं ऐकत होती. सरांचा हात जुन्या सवयीनं आपल्या बाजूच्या दांडीवर टेकला होता. या विमानात दांड्या दोन, पण आतून जोडलेल्या. एक हलली की दुसरी हलते; ओढली की नाक वर, ढकलली की खाली.

अचानक दांडीतला जोर गेला. विमान थरथरलं, डावा पंख कलला. दिवा हिरवा. भोंगा गप्प. आणि दांडी पुढे गेली. नाक खाली झुकलं, केळीची पानं नको इतकी मोठी दिसली. मग पंखांनी वारा पुन्हा धरला, विमान सावरलं आणि धडपडत का होईना, धावपट्टीवर उतरलं.

खाली उतरल्यावर सरांनी आधी पंखाखाली पाहिलं. पात्याच्या बिजागरीत लाल नाडाछडी गुरफटून बसली होती.

आज दसरा. घरचा ट्रॅक्टर, मोटारपंप, कोयते, सगळ्यांची पूजा झाली होती, मग लेकीच्या विमानानं काय घोडं मारलं होतं? हिमानीची आई मथुराबाई सकाळीच ताट घेऊन आली होती. विमान तपासून झालं होतं. तिनं हळदकुंकू वाहिलं आणि नाडाछडी बांधायला जागा शोधली. गुळगुळीत विमानावर बांधण्याजोगी ती कांबच तेवढी होती. सरांच्या देखत तिनं गाठ मारली. पूजेचा धागा सोडा असं कोण म्हणणार? आणि पूजेनंतर विमान पुन्हा तपासायला हवं हे सरांना सुचलं नाही. वर गेल्यावर धाग्याचं सुटं टोक वाऱ्यानं बिजागरीत गेलं आणि पातं हिरव्यावरच अडकलं.

मथुराबाई शेडच्या सावलीतून लगबगीनं आली आणि लेकीचं तोंड पाहून थबकली. काय झालं ते सरांनी तिला सांगितलं नाही. उद्यापासून ते नव्हतेच, मग त्या माउलीच्या जिवाला कशाला घोर लावायचा. ते हिमानीकडे वळले.

"दिवा खोटं बोलत होता, तरी तू हाताचं ऐकलंस. मला ते जमलं नसतं. तू पास झालीस, पोरी."

मथुराबाईनं आकाशाकडे पाहून हात जोडले. हिमानी हलली नाही. एक गप्प बसणं आणि सगळं मिळणार होतं. परवानगी, शाळा, आईच्या तोंडावरचा हा आनंद. तिला रडू फुटेल असं वाटत होतं.

"सर, दांडी मी नाही ढकलली," ती म्हणाली. "मी तं दिवा बघून ओढतच होती. माझा पूरा जोर लागला होता मागं. तुम्हीच ढकलली."

सरांना ते पटेना. त्यांनी उजवा हात उघडला. तळव्यावर दांडीच्या मुठीचा लाल वळ उमटला होता. ते त्या हाताकडे पाहत राहिले. मथुराबाई एकदा लेकीकडे, एकदा सरांकडे बघत होती. पोरगी पुन्हा नापास झाली एवढं तिला कळलं होतं.

"आजची परीक्षा धरायची नाही," सर शेवटी म्हणाले. "उद्या सकाळी परत वर जाऊ."