अब्बांचं बोट

"ऐकणं सगळ्यांत शेवटी जातं," मेंदूच्या लहरींचा पडदा दाखवत डॉक्टर म्हणाले.

"कुराणातही बहुतेकदा आधी कान येतात, मग डोळे. अब्बाच सांगायचे," मी म्हटलं.

अब्बा हाफिज, अख्खं कुराण त्यांना पाठ. शिकवताना कुणाची एखादी आयत, कुराणातली ओळ, गळली, की ते बोटानं एकदाच टक् करायचे.

मी बेशुद्ध अब्बांच्या उशाशी यासीन, अखेरच्या घटकेला म्हणतात तो कुराणातला अध्याय, म्हणू लागले. हुंदक्यात एक आयत गळली आणि पडद्यावरची रेघ उसळली. ती आयत म्हटल्यावर शांत झाली.

यासीन संपता संपता रेघ सपाट झाली. डॉक्टरांनी यंत्र बंद केलं, चादर तोंडावर ओढली.

तासाभरानं भाऊ आला. यासीन म्हणताना त्याचीही आयत गळली.

चादरीखाली, खाटेच्या लोखंडी कडेवर टक् झालं.

भाऊ थिजला.

"गळलेल्या आयतीवर मागे जा," मी म्हटलं. "अब्बा थांबलेत."