रांगेत शेवटची

"जरा हळू चाला की गं! माझे गुडघे काय भाड्याचे आहेत?" माझ्या मानेशी कुणीतरी पुटपुटलं.

धाकट्या जावेची नेहमीची कुरकुर, म्हणून मी हसले. मग पाहिलं, तर ती माझ्या पुढे चढत होती आणि तिच्यापुढे नणंद. रांगेत शेवटची मीच होते.

शिखरावरच्या जुन्या मठाची वाट जेमतेम एकीपुरती. धुकं उतरलं की पुढून ओळीने आकडे म्हणायचे, हा आमचा नियम.

"एक," नणंद ओरडली. "दोन," जाऊ. "तीन," मी.

"चार," माझ्यामागून धापा टाकत आलं.

कुणीच वळलं नाही. आम्ही फक्त पावलं उचलली, गेल्या वर्षीसारखीच.

तेव्हा चौथी थोरली जाऊ होती, सारखी मागे पडणारी. ती सापडलीच नाही. घरी आम्ही रडून सांगितलं की खूप हाका मारल्या, पण तिची ओ आली नाही. लोकांनी आमचेच डोळे पुसले.

"चार," पुन्हा आलं. या वेळी तर आमच्यापैकी कुणी आकडे सुरूही केले नव्हते.

नणंद थांबली. मागे न बघताच म्हणाली, "थोरल्या वहिनी, तुमचा आकडा त्या दिवशीही ऐकू आला होता. आम्हा तिघींनाही."