उरलेले दोन थर

टिण्ण! चमचा काचेच्या वाटीवर आपटला आणि इतका वेळ गप्प असलेलं स्वयंपाकघर दचकलं.

"झालं माझं," चिऊ म्हणाली.

आईने वळून पाहिलं. वरची क्रीम आणि चार स्ट्रॉबेऱ्या तेवढ्या गायब होत्या. खालचे केकचे दोन थर आणि त्यांच्यामधल्या जांभळ्या बेऱ्या जशाच्या तशा.

"अगं, एवढ्यात? सकाळपासून केक केक करून डोकं खाल्लंस ना माझं?"

"पोट भरलं."

आईने घड्याळाकडे पाहिलं. दहाच मिनिटांपूर्वी तिने चिऊच्या दंडात इन्सुलिन टोचलं होतं, ते या अख्ख्या वाटीच्या हिशेबाने. केक तोलला, बेऱ्या तोलल्या, पाकिटामागचे मुंगीएवढे आकडे डोळे ताणून वाचले आणि फ्रिजवरच्या कागदावर मांडले: कर्बोदकं, छत्तीस ग्रॅम. पाकिटाच्या पुढे मात्र ठसठशीत लिहिलं होतं, 'अगदी हलका!'

डॉक्टर बजावून म्हणाले होते, लहान मूल आहे, आधी किती खातं ते बघा, मग टोचा. पण केक कोण टाकतं, असं तिला वाटलं होतं.

टोचलेलं आता परत थोडंच काढता येणार? पोटात काही गेलं नाही तर रक्तातली साखर भराभर खाली येणार.

"बरं, केक राहू दे. ज्यूस पी."

"नको."

"चमचाभर मध?"

"शी!"

"माझी राणी ना ती? एक घास बाबाचा."

"बाबाला डबा दिलायस की तू."

एरवी आईला हसू आलं असतं. तिने घास पुढे केला. चिऊने तो घेतला आणि गालात धरून ठेवला. गाल फुगला, डोळे भरले.

"गीळ, बाळा. गीळ ना गं."

चिऊने कसाबसा गिळला. लगेच दुसरा चमचा समोर आला. काल याच हाताने तिच्या मुठीतलं बिस्किट काढून घेतलं होतं. आज तोच हात घास भरवत होता.

चिऊने आधी चमच्याकडे पाहिलं, मग फ्रिजकडे.

"भूक लागली की तू कागद बघतेस. पोट भरलं तरी कागदच बघतेस." तिने दोन्ही हात पोटावर घट्ट धरले. "आई, माझं पोट माझं कधी होणार?"