दुसरं कार्ड

रांगेत पुढे तीनच ट्रक उरले तेव्हा ड्रायव्हरने मागच्या बिछान्याचा पडदा ओढून घेतला. दोन्ही टोकांना फट राहू न देता, नीट. मग त्याचा तोच ओशाळला. आत लपवण्यासारखं होतं काय? एक गादी, एक उशी आणि पायथ्याशी घडी करून ठेवलेली चादर. आत कुणीच नव्हतं, सगळी भानगड तीच होती.

स्टिअरिंगजवळच्या यंत्रात दोन कार्डं होती. पहिल्या खाचेत चालवणाऱ्याचं, दुसऱ्या खाचेत आराम करणाऱ्याचं. एकट्या माणसाने दिवसाचे तास भरले की गाडी उभी करायची, असा नियम. दोघे असले की एक चालवतो, एक झोपतो आणि गाडी फारशी थांबत नाही. दुसरं कार्ड मेहुण्याचं होतं. त्याची मुदत अजून दोन वर्षं होती. मेहुणा जाऊन पाच आठवडे झाले होते.

हॉस्पिटलने घड्याळ, पाकीट, चपला सगळं परत दिलं होतं. कार्ड तेवढं यंत्रात राहून गेलं. ड्रायव्हर पुन्हा कामावर आला तेव्हा ते तिथेच होतं. ऑफिसने विचारलं नाही, याने सांगितलं नाही. चार दिवस तो एकटाच दोघांची गाडी हाकत होता, थोडा वेळ आपल्या नावावर, थोडा वेळ त्याच्या. मेहुण्याचं कार्ड पहिल्या खाचेत सरकवलं की त्याचा पाय आपोआप हलका पडायचा, वळणावर गाडी अलगद जायची. मेहुणा तशी चालवायचा. हा स्वतः पहिल्यापासून धसमुसळा. कालपासून तर तास भरले की तो पडद्याकडे बघून म्हणायचा, ‘बोक्या, ऊठ, तुझी पाळी.’ कुठेही, कधीही झोप लागते म्हणून मेहुण्याला बोका नाव पडलं होतं, आणि ते यानेच पाडलं होतं. तसं म्हणून झालं, की सीटवरून आता उठायचं कुणी, हे त्याला क्षणभर कळायचं नाही.

गाडीत बावीस टन बिजागऱ्या होत्या. एका देशात ओतलेल्या, दुसऱ्या देशात चकचकीत केलेल्या, तिसऱ्या देशातल्या दारांना लावायच्या. मेहुणा गेला त्या दिवशीही बिजागऱ्याच होत्या. सीमा तासाभरावर आली असताना मेहुणा म्हणाला होता, “दाजी, छातीत जळजळतंय. जरा थांबू या का?” ड्रायव्हरने घड्याळ पाहिलं. दुपारनंतर इथली रांग वाढते. पलीकडे गेलो की थांबू, तू जरा पड, असं त्याने सांगितलं. मेहुणा हट्ट करणाऱ्यातला नव्हता. मागे गेला आणि त्याने पडदा ओढून घेतला.

पलीकडे रस्ता मोकळा मिळाला, म्हणून याने गाडी आणखी दीड तास रेटली. मग थांबून हाक मारली. डॉक्टर म्हणाले, जाऊन दोन तास तरी झाले असतील. दोन तासांपूर्वी गाडी इथेच उभी होती, या रांगेत. घरी बायकोने एवढंच विचारलं, की भाऊ शेवटी काही बोलला का. झोपेतच गेला, असं त्याने सांगितलं. तेव्हापासून तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता.

त्याची गाडी फाटकाशी आली. तपासायला नेमकी तेव्हाचीच बाई आली, निळ्या जॅकेटातली, हातात कार्डं वाचायचं यंत्र घेतलेली. त्या दिवशी तिने दुसऱ्या ड्रायव्हरला खाली बोलवा म्हटलं होतं, आणि यानेच गळ घातली होती, झोपू द्या त्याला मॅडम, पहाटेपर्यंत तोच चालवत होता. तिने पडद्यातून डोकावून पाहिलं होतं आणि त्याचं ऐकलं होतं.

आजही तिने दोन्ही कार्डं वाचली.

“दुसरा कुठाय?”

पकडलं गेलं तर लायसन्स कायमचं जाणार होतं, आणि अख्खं घर त्या लायसन्सवर चालत होतं.

“मागे झोपलाय,” तो म्हणाला.

ती पायरीवर चढली, आत वाकली आणि दोन बोटांनी पडदा सारला. फटीतून त्यालाही दिसलं. गादी, उशी, सकाळी त्यानेच घडी केलेली चादर. ती बघत राहिली, त्या दिवशीपेक्षा जरा जास्तच वेळ. मग तिने पडदा परत लावला, फट राहू न देता. पाय न वाजवता खाली उतरली आणि कागदांवर शिक्का मारला.

“गाढ झोपलाय,” ती हळू आवाजात म्हणाली. “झोपू द्या त्याला.”

फाटक वर गेलं. आता सुटलो असं त्याला वाटायला हवं होतं. पण त्याचा हात किल्लीकडे गेलाच नाही. मागच्या ट्रकने हॉर्न दिला, मग त्याच्या मागच्यानेही. त्याने किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं, आणि त्याने ते परत बंद केलं.

काय झालं म्हणून विचारायला ती खिडकीशी आली. त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

“मॅडम,” तो म्हणाला, “एकदा उठवून बघा ना.”