डबा परत आला

टिंग टाँग! दुपारच्या शांततेत आमची बेल वाजली. जपानात आल्यापासून पहिल्यांदाच.

दारात शेजारचे आजोबा होते. महिन्यापूर्वी मी लाडू घालून दिलेला डबा त्यांनी पांढऱ्या चॉकलेटांनी भरून आणला होता. मी हरखून चहासाठी दोन कप काढेपर्यंत ते कमरेत वाकून निघूनही गेले होते.

"वेडाबाई, तू चौदा फेब्रुवारीला दिलेस ना?" फोनवर नवरा हसला. "इथं त्या दिवशी बायका पुरुषांना चॉकलेटं देतात. मग पुरुषांनी महिन्यानं परत द्यायचंच, मनात असो-नसो. फिटलं बघ त्यांचं!"

मी दुसरा कप पुन्हा कपाटात ठेवला.

लेकीनं चॉकलेटं ताटलीत ओतून डबा माझ्यापुढे धरला. "आई, आपण पुन्हा लाडू दिले, तर आजोबा पुन्हा येतील?"