कागदाएवढी फट

दोन-चार पावलांतच यंत्र अडकलं. दशरथने दांडा मागे ओढला, पुन्हा रेटला. पाती मातीत रुतली आणि गवत मुळासकट उपटून वर आलं. मुलुंडच्या त्या कॉलनीच्या हिरवळीवर एक काळा ओरखडा उठला.

केअरटेकर सावलीत खुर्ची टाकून बसले होते. मानेवरचा घाम पुसत त्यांनी विचारलं, "चालतं ना नक्की हे?"

"चालतं," दशरथ म्हणाला.

तसं ते खोटं नव्हतं. घरी चालत होतं. कुर्ल्याच्या भंगारातून उचललेलं हे गवत कापायचं हातयंत्र त्याने पावसाळाभर चाळीच्या गॅलरीत बसून घासलं होतं, पात्यांना धार लावली होती, दांड्याला हिरवा रंग दिला होता. मग लादीवर जुनं ब्लँकेट अंथरून त्यावरून ते फिरवलं. वरची लव तेवढी उतरली, विणीला धक्का नाही. अख्खा मजला बघायला जमला. दशरथने ब्लँकेटची हजामत केली म्हणून लोक कितीतरी दिवस हसत होते. खाटेखाली अशी आणखी दोन यंत्रं दुरुस्त होऊन पडली होती, आणि चाळीत गवताची काडी नव्हती. हौसेला मोल नसतं म्हणतात. नसेलही. पण खाटेखाली वाकून केर त्याच्या बायकोला, सुगंधालाच काढावा लागायचा.

दशरथ गिरणीत फिनिशिंग खात्यात होता. कापडावरची लव फिरत्या पात्यांनी छाटायची, हे त्याचं काम. भंगारात पहिलं यंत्र दिसलं तेव्हा तो दचकलाच होता. तशीच गोल फिरणारी पाती, तसंच खालचं न हलणारं पातं. गिरणीत संप सुरू झाल्यावर सुरुवातीला तो म्हणायचा, गिरणी उघडेल तेव्हा हात बोथट व्हायला नको. हल्ली गिरणीचं नाव काढत नसे. हात चालू राहायला हवा, एवढंच म्हणायचा.

शेजारची प्रेमा या कॉलनीत स्वयंपाकाला यायची. तिनेच शब्द टाकला होता. हिरवळीचं काम कायमचं होतं, आज एक पट्टा नीट कापून दाखवला की झालं. म्हणून सुगंधा पोळ्यांची कामं आटोपून, जेवायचं तसंच ठेवून आली होती. गोणपाटात गुंडाळलेलं यंत्र एका बाजूने तिनेच उचलून आणलं होतं.

ती जवळ आली. "अहो, खाली जागा किती ठेवलीय?"

"नेहमीची. कागदाएवढी."

म्हणजे काय ते तिला सांगावं लागत नव्हतं. लग्न झाल्यापासून ती ऐकत आली होती. पातं आणि कापड यांच्यात कागद सरकेल एवढीच फट ठेवायची, जास्त झाली की लव राहते आणि तागा परत येतो. दशरथचा तागा कधी परत आला नव्हता. तीच फट त्याने आता जमिनीला लावली होती.

"जमीन आहे ती," सुगंधा म्हणाली. "लादी नाय. खडे असतात, ढेकळं असतात. वर घ्या."

"वर घेतलं की लव राहते."

"राहू दे."

"तुला कळत नाय गो. फिनिश येत नाय मग. नुसतं कापल्यासारखं दिसतं."

"नुसतं कापायचंच आहे."

ती रागावली नव्हती. रागवायलाही अंगात जोर लागतो, आणि तिचा सकाळी तव्यापाशीच संपला होता.

दशरथ उकिडवा बसला. स्क्रूला पाना लावला आणि तसाच थांबला. त्याला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त वाईट वाटत होतं. ही फट एकदा मोठी केली की आपण फिनिशिंग खात्यातले राहणार नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"जमत नसेल तर तसं सांगा," सावलीतून केअरटेकर म्हणाले. "आमचा जुना माळी येईल. विळ्याने कापतो तो."

सुगंधा शेजारी बसली. तिने आपली दोन बोटं, एकावर एक ठेवून, पात्याखाली जमिनीवर धरली. बोटांवर चटक्यांचे डाग होते.

"एवढी ठेवा," ती म्हणाली.

दशरथने त्या बोटांकडे पाहिलं. मग स्क्रू सैल करायला घेतला. पातं वर आलं, तिच्या बोटांना टेकेल न टेकेल असं झालं, तेव्हा त्याने पाना आवळला. तिने हात काढून घेतला.

या वेळी यंत्र अडकलं नाही. खरखरत पार कुंपणापर्यंत गेलं. चिरलेलं गवत उडून सुगंधाच्या निऱ्यांवर पडलं. केअरटेकर उठले, कापलेल्या पट्ट्यावरून चपलांसकट चालून आले. "सोमवारपासून या," म्हणाले आणि खुर्ची उचलून आत गेले.

दशरथ कुंपणापाशी वाकला. तागा पुढे पाठवण्याआधी कापडावरून फिरवायचा, तशी हाताची उलटी बाजू त्याने गवतावरून फिरवली.

"लव राहिली," तो म्हणाला.

सुगंधा गोणपाट झटकत होती. "राहू दे," ती म्हणाली. "ती काय, परत उगवणारच आहे."